मोसंबीच्या रोपांसाठी घेतलेली पाच डोमेन नावे: एका सेवेचे परीक्षण

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात आमची मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका आहे. वडिलांनी ती सुरू केली, तेव्हा गिऱ्हाईक कुणाच्या तरी बागेतले झाड पाहून, ‘हे रोप कुठून आणले’ असे विचारत विचारत आमच्या दारात यायचे. आता तेच गिऱ्हाईक बांधावर बसून मोबाइलवर विचारते, आणि मोबाइल जी दोन-चार नावे पुढे करतो त्यांनाच फोन लावते. त्या दोन-चार नावांत आपले नाव असावे, या एका इच्छेपोटी दोन वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्याच एका शहरातील डिजिटल मार्केटिंग करणाऱ्या कंपनीकडून ‘कीवर्ड डोमेन पॅकेज’ (म्हणजे लोक शोधतात तेच शब्द घातलेले वेबसाइटचे पत्ते) विकत घेतले. कंपनीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच पॅकेज अनेक ठिकाणी अनेक जण विकत आहेत आणि माझे म्हणणे त्या मालाविषयी आहे.

पॅकेजमध्ये पाच डोमेन नावे, प्रत्येकावर एक तयार वेबसाइट आणि एक वर्षाची देखभाल असे सगळे मिळून अठ्ठावीस हजार रुपये मी मोजले. विक्रेत्याचे म्हणणे असे होते की, शेतकरी जे शब्द गूगलवर टाकतो तेच शब्द जर वेबसाइटच्या पत्त्यात असतील, तर गूगल ती साइट इतरांच्या वर दाखवते. पहिल्या नावात जालना, मोसंबी आणि रोपे हे तीन शब्द सलग होते. दुसऱ्यात मोसंबी, नर्सरी आणि महाराष्ट्र होते. तिसऱ्यात औरंगाबादचे नाव घालून फळझाडांची नर्सरी केली होती. चौथ्यात ‘बेस्ट’ हा शब्द पुढे लावून बाकीचे शब्द आडव्या रेघांनी जोडले होते, आणि पाचवे नाव पूर्ण देवनागरीत, शेवटी डॉट भारत असलेले होते. रोपवाटिकेचे खरे नाव, म्हणजे ज्या नावाने पंचक्रोशी आम्हाला ओळखते ते वडिलांचे नाव, या पाचांपैकी एकातही नव्हते. त्या वेळी मला त्यात काही खटकले नाही, हे कबूल केले पाहिजे.

मार्चमध्ये पैसे भरले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पाचही साइट सुरू झाल्या. या बाबतीत कंपनीने शब्द पाळला. रोपांची खरी विक्री पावसाळ्याच्या तोंडाशी होते, म्हणून एक पावसाळा या पाच साइटवर आणि दुसरा पुढे सांगतो त्या माझ्या स्वतःच्या साइटवर पाहून मगच हे लिहीत आहे.

विक्रेता खोटे बोलत होता असे मात्र नाही. तो जुने खरे सांगत होता. एक काळ असा होता की डोमेनमधल्या शब्दांचा उपयोग खरोखरच होत असे. शोधलेला शब्द आणि साइटचा पत्ता जुळला की तो निकालात ठळक दिसायचा, लोक त्यावर विश्वासाने क्लिक करायचे, आणि दुसऱ्या साइटने दुवा (लिंक) देताना त्याच नावाने दिला की दुव्याच्या मजकुरातही तोच शब्द आपोआप जायचा. या दुव्याच्या मजकुराला गूगल महत्त्व देते, त्यामुळे फायदा दुप्पट व्हायचा. परिणामी केवळ नाव जुळते म्हणून, आत चार ओळींचा मजकूर असलेल्या साइटसुद्धा वर दिसू लागल्या. यावर उपाय म्हणून गूगलचे तत्कालीन अभियंते मॅट कट्स यांनी २८ सप्टेंबर २०१२ रोजी ट्विटरवर जाहीर केले की, तंतोतंत जुळणाऱ्या नावाच्या पण निकृष्ट दर्जाच्या साइट निकालांत खाली जातील असा बदल होत आहे. इंग्रजीतून अमेरिकेत होणाऱ्या शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल असेही त्यांनी सांगितले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कृत्रिम दुव्यांवर घाव घालणारा ‘पेंग्विन’ नावाचा गूगलचा बदल आला होता आणि आधीच्या वर्षी तुटपुंज्या मजकुरावर घाव घालणारा ‘पांडा’. म्हणजे मला विकलेला सल्ला विकला जात होता तेव्हा तो दहा वर्षांहून अधिक जुना झाला होता.

आज गूगलने स्वतः वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी जे प्राथमिक मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे, त्यात स्पष्ट म्हटले आहे की डोमेनच्या किंवा पत्त्याच्या नावातील शब्दांचा क्रमवारीवर निव्वळ त्यांच्यापुरता जवळजवळ काहीच परिणाम होत नाही; निकालात साइटच्या नावाखाली जी पत्त्याची वाट दाखवली जाते तेथे ते शब्द दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग. शब्द जुळल्याचा तोटा होतो असे कोणी म्हटलेले नाही, हेही येथे नोंदवायला हवे. चांगली साइट तशा नावाची असेल तर ती त्या नावामुळे खाली जात नाही. प्रश्न इतकाच आहे की ती त्या नावामुळे वरही जात नाही, आणि मी पैसे दिले होते ते वर जाण्यासाठी.

आता प्रत्यक्ष काय झाले ते सांगतो. गूगल सर्च कन्सोल नावाचे विनामूल्य साधन आहे. आपली साइट कोणत्या शब्दांवर किती वेळा दिसली आणि त्यातून किती जणांनी क्लिक केले, हे त्यात मालकाला पाहता येते. कंपनीने ते जोडून दिले नव्हते. भाच्याने एका रविवारी बसून जोडले. पहिल्या पावसाळ्यात ‘जालना मोसंबी’ या शब्दांवर पहिली साइट बऱ्यापैकी दिसत होती आणि मला आनंदही झाला होता. पण ती पाहणारे आणि आत येणारे लोक रोपे घ्यायला आलेच नव्हते. जालना हे मोसंबीच्या बाजाराचे गाव आहे; ‘जालना मोसंबी’ असे जो लिहितो त्याला शंभरात नव्वद वेळा आजचा भाव हवा असतो. आमच्या पानावर त्याला कलमांचे फोटो दिसत आणि तो क्षणात परत जात असे. नाव शोधाशी जुळले, पण माणसाच्या मनातल्या हेतूशी जुळले नाही, आणि गूगल आता हेतू ओळखण्याचा प्रयत्न करते. शिवाय माझा अंदाज असा आहे की अशा सर्वसाधारण शब्दांचे नाव घेतल्यामुळे एक वेगळा तोटा होतो: कोणी मुद्दाम मलाच शोधत असेल तरी गूगलला ते कळण्याची सोय राहत नाही. वडिलांचे नाव टाकून शोधणारा माणूस आमच्यासाठीच आलेला आहे हे उघड असते. ‘जालना मोसंबी रोपे’ टाकणारा सगळ्यांसाठीच आलेला असतो.

दुसऱ्या नावाची कथा थोडी गमतीची आहे. त्यात ‘नर्सरी’ हा शब्द होता, आणि साइटवर माझा मोबाइल क्रमांक ठळक दिला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका भगिनीचा फोन आला. त्या म्हणाल्या, “सर, नर्सरीची ॲडमिशन चालू हाय का? फी किती हाय?” मी म्हणालो, “ताई, आमच्याकडं मोसंबीची रोपं आहेत, लेकरांची नर्सरी नाही.” त्यावर त्यांनी, “बरं बरं, राहू द्या,” म्हणून फोन ठेवला. असे तीन फोन त्या महिन्यात आले. शहरातल्या माणसाला नर्सरी म्हणजे बालवाडी आणि आम्हाला नर्सरी म्हणजे कलमांचे वाफे, हे पाच डोमेनचे पॅकेज बांधणाऱ्याने विचारात घ्यायला हवे होते.

तिसऱ्या नावावर तर मी स्वतःच हसतो. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी विक्रेत्याचे म्हणणे होते की लोक अजून जुनेच नाव टाकतात. त्याचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही; लोक दोन्ही टाकतात. पण पत्त्यात एकच नाव बसते, आणि ते बदलता येत नाही. पानावरच्या मजकुरात मात्र दोन्ही नावे सहज लिहिता येतात. त्यातही औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. त्यामुळे आमच्या तिसऱ्या साइटवर जे थोडे लोक येत, त्यांतले काही बिहारचे असत, हे सर्च कन्सोलमधल्या शब्दांवरून दिसत होते. एकाने तर आंब्याच्या रोपांची विचारणा केली आणि ट्रान्सपोर्टचा खर्च विचारला. मोसंबीची कलमे अंबडहून बिहारला पाठवण्याची कल्पना मला अद्याप सुचलेली नाही.

अक्षरलेखनाचा प्रश्न याहून मोठा आहे. रोमन लिपीत मोसंबी हा शब्द लोक अनेक तऱ्हांनी लिहितात. कोणी मधल्या अनुस्वारासाठी एम लिहितो, कोणी एन, कोणी शेवटचा दीर्घ स्वर दोन अक्षरांनी दाखवतो, आणि हिंदीतून येणारा माणूस सुरुवातीचा उच्चारच वेगळा करतो. इंग्रजी शब्दांत पाहायचे तर स्वीट ऑरेंज आणि स्वीट लाइम असे दोन आणखी शब्द त्याच फळासाठी वापरले जातात. डोमेनमध्ये यातले एकच रूप मावते. सर्व रूपांची स्वतंत्र डोमेने घ्यायची म्हटली तर पाचाची पंचवीस होतील, आणि विक्रेत्याने तसे सुचवलेही होते. पण ही रूपे एकाच गोष्टीची आहेत हे गूगलला आता स्वतःच कळते. मजकुरात मराठी शब्द नीट लिहिलेला असला की वेगवेगळ्या रोमन रूपांनी शोधणाऱ्यालाही ते पान दिसते. हे मी आमच्याच एका पानावर पाहिले आहे.

पाचव्या, देवनागरी नावाबद्दल मला खरे तर आशा होती. डॉट भारत ही देवनागरीतील डोमेन सेवा, भारतातील डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेने ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू केली, आणि हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी ती खुली झाली. कल्पना उत्तम आहे आणि पत्ता वाचायला सुंदर दिसतो. अडचण वापरात येते. डोमेनची मूळ यंत्रणा रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढ्यावरच चालते, म्हणून देवनागरी नाव आतून एका सांकेतिक रोमन रूपात बदलले जाते आणि ते रूप ‘एक्सएन’ या दोन अक्षरांनी आणि दोन रेघांनी सुरू होते. व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवला की कधीकधी तेच रूप दिसते, आणि समोरच्या माणसाला ती फसवणुकीची लिंक वाटते. ‘हे काय आहे, उघडायचे का,’ असा प्रश्न मला माझ्या सख्ख्या मेव्हण्याने विचारला. मराठी पत्त्याची हौस असणाऱ्याने ते जरूर घ्यावे, मी त्याला नावे ठेवणार नाही. मात्र त्यामुळे रँकिंग वाढते या समजुतीने घेऊ नये.

चौथे नाव, रेघांनी जोडलेले, तोंडाने सांगताच येत नव्हते. घनसावंगीहून फोन करणाऱ्या एका शेतकरी काकांना मी पत्ता सांगत होतो, तेव्हा त्यांनी विचारले, “ती रेघ म्हणजे कुठली, खालची का मधली?” मी ‘मधली’ म्हणालो, आणि पुढच्या शब्दानंतर पुन्हा तीच रेघ आली. चार शब्द आणि तीन रेघा होईपर्यंत काकांचा धीर संपला आणि ते म्हणाले, “दादा, तू व्हॉट्सॲप कर.” डोमेन नाव शोधयंत्रासाठी असते असे समजण्यात हेच विसरले जाते की ते माणसाच्या तोंडातून, पावतीवरून आणि गाडीच्या पाटीवरूनही चालत जाते.

यापुढचा भाग मला अधिक गंभीर वाटतो. पाचही साइटवर एकच मजकूर होता. गावाचे नाव आणि शीर्षक बदलले होते, फोटोसुद्धा तेच होते. गूगल अशा एकसारख्या पानांपैकी एकच पान मुख्य मानते आणि बाकीची बाजूला ठेवते, त्यामुळे पाच साइट म्हणजे पाच दारे, हे गणित बरोबर नाही. इतकेच नव्हे, तर वेगवेगळ्या गावांच्या किंवा शब्दांच्या नावाने अनेक डोमेने किंवा पाने उघडून सगळ्यांना एकाच ठिकाणी आणून सोडणे, हे गूगलच्या स्पॅमविषयक धोरणांत नाव घेऊन निषिद्ध मानलेले आहे. अशा पानांना ‘डोअरवे’ म्हणजे दारापुरती पाने म्हणतात. म्हणजे जे मला लाभ म्हणून विकले गेले, ते नियमाप्रमाणे जोखीम होते. आमच्या साइटवर कोणती कारवाई झाली असा दावा मी करत नाही, कारण त्या इतक्या मागे होत्या की कारवाई करायला कोणी तिथपर्यंत पोहोचले असेल असे मला वाटत नाही.

याच ओघात कंपनीने आणखी एक सल्ला दिला होता, तोही सांगितला पाहिजे. गूगल मॅपवर आमच्या रोपवाटिकेची जी नोंद आहे, तिच्या नावातही ‘मोसंबी रोपे जालना बेस्ट नर्सरी’ असे शब्द घालावेत असे त्यांचे म्हणणे होते. गूगलच्या व्यवसाय-नोंदीचा नियम असा आहे की तेथे तेच नाव असावे जे पाटीवर आणि व्यवहारात वापरले जाते. शब्द घुसडल्यास नोंद निलंबित होऊ शकते. मी नकार दिला, आणि आज त्याचे समाधान आहे, कारण आमची खरी गिऱ्हाईके सर्वांत जास्त त्या नोंदीवरूनच येतात. पाटीवरचे नाव, फोन, वाटेचा नकाशा आणि पूर्वीच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले चार शब्द, एवढे त्यांना पुरते.

सेवेतील सर्वांत मोठा दोष मला दुसऱ्या वर्षी कळला. डोमेनचे नूतनीकरण करण्याची वेळ आली तेव्हा कंपनीने पहिल्या वर्षीपेक्षा बरीच जास्त रक्कम मागितली. पहिल्या वर्षीची किंमत सवलतीची आणि पुढची पूर्ण, ही या धंद्याची सर्वसाधारण रीत आहे, त्यामुळे त्यावर मी फार तक्रार करणार नाही; पॅकेज विकताना ते सांगितले असते तर बरे झाले असते, इतकेच. पण मी म्हटले की नूतनीकरण मी स्वतः दुसरीकडे करतो, तेव्हा समजले की पाचही नावे माझ्या नावावर नोंदवलेलीच नव्हती. नोंदणीधारक म्हणून कंपनीचेच नाव होते. डोमेन ज्याच्या नावावर नोंदवलेले असते तो त्याचा धारक. साइटवर फोटो कुणाचा आहे आणि पैसे कुणी दिले याने फरक पडत नाही. डोमेन दुसऱ्या निबंधकाकडे, म्हणजे नावांची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, नेण्यासाठी एक गुप्त संकेत लागतो, आणि तो ताब्यात असल्याशिवाय नाव हलत नाही. तो मिळवायला मला सहा आठवडे आणि एकूण अकरा फोन लागले. शेवटी त्यांनी दिला, पण ‘व्यवस्थापन शुल्क’ म्हणून वेगळे पैसे घेऊन. कोणत्याही कंपनीकडून डोमेन घेणाऱ्याने पैसे देण्याआधी नोंदणीधारक कोण राहील हे लेखी घ्यावे आणि नंतर डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत, जिला बहुतेक जण हूइज म्हणतात, ते नाव झाकलेले नसेल तर स्वतः पाहावे; दहा मिनिटांचे काम आहे आणि मी ते केले नव्हते.

नूतनीकरणाची मुदत चुकली तर काय होते हेही या निमित्ताने कळले. डॉट कॉम नावाची मुदत संपल्यावर निबंधकाच्या धोरणाप्रमाणे काही दिवसांची सवलत असते. त्यानंतर नाव काढून घेतले गेले तरी तीस दिवस ते जादा शुल्क भरून परत घेता येते, आणि मग पाच दिवसांनी ते कोणालाही घेण्यासाठी मोकळे होते. सोडून दिलेली नावे दुसरे लोक विकत घेऊन त्यावर भलताच मजकूर टाकतात, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलने या प्रकाराचाही स्पॅम धोरणात स्वतंत्र उल्लेख केला आहे. आमची फेकून दिलेली नावे उद्या कुणी जुगाराच्या जाहिरातीसाठी वापरली तर काय, ही शंका मला सुरुवातीला आली होती. पण त्या नावांची कुणाला ओळखच नाही, हे आठवल्यावर ती विरली.

कायद्याचा एक बारकावा धंदा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. सर्वसाधारण शब्दांच्या नावावर तुमचा हक्क फार कमी असतो. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार केवळ मालाचा प्रकार, दर्जा किंवा उगमस्थान सांगणारे शब्द सहसा नोंदवले जात नाहीत, जोवर ते दीर्घ वापराने एखाद्या धंद्याची ओळख बनत नाहीत. त्यामुळे उद्या शेजारच्याने माझ्याच नावात एक अक्षर वाढवून डोमेन घेतले तर मी त्याला अडवू शकेन असे दिसत नाही. त्यातही जालन्याच्या मोसंबीचे ‘जालना स्वीट ऑरेंज’ हे नाव २०१६ पासून भौगोलिक मानांकन (जीआय) म्हणून नोंदवलेले आहे. ते एका रोपवाटिकेचे वैयक्तिक भांडवल नाही, सगळ्या भागाचे आहे. याउलट डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या २००४ च्या निकालात मान्य केले आहे. ते संरक्षण मिळते ते ओळख निर्माण झालेल्या नावाला.

दुसऱ्या पावसाळ्याआधी मी सहावे डोमेन स्वतः घेतले, वडिलांच्या आडनावाचे, डॉट इन असलेले, माझ्याच नावावर. जुन्या पाच साइट बंद करून त्या पत्त्यांवरून येणाऱ्याला नव्या साइटवर कायमचे वळवून दिले. याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात आणि ते भाच्याने एका संध्याकाळी केले. मग मजकूर लिहिला, आणि या कामाला मात्र खरोखर वेळ लागला. फोनवर शेतकरी जे प्रश्न विचारतात, त्यांचीच पाने केली: रंगपूर लाइमच्या खुंटावरचे (म्हणजे त्या लिंबाच्या मूळ रोपावर बांधलेले) कलम घ्यावे की जंबेरीच्या, कलमाचा डोळा जमिनीपासून किती उंच भरलेला असावा आणि तो मातीत गाडल्यास डिंक्या रोगाचा धोका का वाढतो, सहा बाय सहा मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी २७७ म्हणजे एकरी साधारण ११० रोपे कशी बसतात, आणि १९६९ च्या राज्य कायद्याप्रमाणे फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, तो गिऱ्हाइकाने कुठे पाहावा. आमच्या परवान्याचा फोटो त्याच पानावर लावला आहे. या साइटच्या पत्त्यात मोसंबी हा शब्द नाही. तरीही दुसऱ्या पावसाळ्यात ‘एकरी किती मोसंबी रोपे’ अशा प्रश्नांवर ती दिसू लागली, आणि आलेल्या माणसांपैकी बरेच जण अंतराचा प्रश्न विचारून थेट भावावर आले. ते गिऱ्हाईक आहे, हे ओळखायला यंत्र लागत नाही.

तेव्हा सेवेला मी पाचांपैकी दीड गुण देतो. एक गुण वेळेवर साइट उभ्या केल्याबद्दल, आणि अर्धा गुण फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या सौजन्याबद्दल, कारण नाव परत देण्याचा निर्णय त्याच्या हातात नव्हता आणि तरी त्याने कधी आवाज चढवला नाही. ज्याला अगदीच नवा धंदा सुरू करायचा आहे, ज्याचे अजून नाव झालेले नाही, आणि ज्याला एक सोपे, रेघा नसलेले, काय विकतो ते सांगणारे डोमेन साध्या नोंदणीच्या किमतीत मिळत आहे, त्याने ते घ्यायला हरकत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘कृषी सेवा केंद्र’ लिहिण्यात जेवढा अर्थ आहे तेवढा त्यात आहे. पाच घेऊ नयेत, आणि दुसऱ्याच्या नावावर तर एकही घेऊ नये.

पाचांपैकी चार नावे मी या वर्षी सोडून दिली. पहिले, जालना आणि मोसंबीवाले, मात्र अजून भरतो आहे, कारण पॅकेज घेतल्यावर हौसेने ते टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतले होते आणि रोपांच्या पिशव्यांवरही छापले होते. पिशव्या संपल्या. पेंटर म्हणतो की जुना रंग खरडून नवा द्यायचा तर पूर्ण फाळकाच करावा लागेल. ते काम दिवाळीनंतर काढायचे ठरले आहे, आणि तोपर्यंत तो टेम्पो ज्या ज्या गावात जाईल तेथून कुणी तो पत्ता उघडलाच, तर त्याला वडिलांच्या नावाची साइट दिसावी, एवढ्यासाठी एक वर्षाचे पैसे आणखी गेले आहेत.